जात्यापाशी बसनारी मड्डम

येडी म्हनता काय तिले? पुढं येऊन म्हना, माह्या तोंडावर म्हना.

काल विहिरीवर मी घागर ओढून राहिली होती, अन् शेजारच्या सुभद्राबाईनं साऱ्या बायाइच्या देखत म्हनलं, "तुले त्या येड्या मड्डमनं बिघडवलं व माय! नाईतर इंग्रजाच्या पोट्ट्याचं नाव कोनी आपल्या जात्यावर घेते काय?" साऱ्या हासल्या. हातातून दोर सुटला, घागर गेली बुडाशी, अन् मी तशीच रिकाम्या हातानं घरी आली. माहं असंच हाय. लोकाइच्या समोर जीभ आत वळते, अन् घरी चुलीपाशी बसली का सगळं सुचते, मंग मी जाळाले सांगत बसते. आज तुमाले सांगते. मधात बोलू नोका, मधात कोनी बोललं का मी विसरते.

त्या पोट्ट्याचं नाव आत्ताच सांगत नाई. शेवटी सांगीन. आधी मले हिंमत जमवू द्या.

तर ती येडी नव्हती. अजब होती, हे मी बी कबूल करते. येडी नव्हती.

आमी तवा अमरावतीले होतो. माही लेक यमी, तिचा बाप साहेबाच्या बंगल्यावर माळी, अन् मी मड्डमच्या लेकराइले सांभाळाले. साहेब कापसाचा. गोऱ्याइच्या कोन्या मुलखात लढाई लागली होती म्हने, तिकडचा कापूस बंद झाला, अन् आमच्या वऱ्हाडाले कापसाचं पिसं लागलं. लोकं जवारीचं वावर मोडून कापूस पेरत, अन् मंग जवारी इकत घ्याले रांगेत उभे राहत. बोंड खाता काय रे बापा? पन कोन इचारते. रस्त्यानं दिवसभर कापसाच्या बंड्या, झाडाइच्या फांद्यांले कापूस लटकलेला, नाकात कापूस, ताकात कापूस. साहेब पहाटे घोड्यावर बसून बाजारात जाये तो दिव्याच्या वेळेले येये. अन् मड्डम त्या एवढ्या मोठ्या बंगल्यात एकटी, दोन लेकरं, थोरला चार वर्साचा अन् धाकटी पाळन्यात. तिची माय समुद्रापार, बहिनी समुद्रापार. बोलाले कोनी नाई. हे कोनी पाहत नाई, येडी मात्र म्हनतात.

नोकराइच्या खोल्या बंगल्याच्या मागं. कोपऱ्यातली आमची. माहं जातं माह्या बापानं अंजनगावाहून बंडीत घालून पाठवलं होतं. पानमळ्याचा मानूस माहा बाप, त्यानं मले पंतोजीच्या ओसरीत पोट्ट्याइच्या मागं बसवलं होतं शिकाले. बाराखडी झाली, अन् जोडाक्षरं लागाच्या आधी लगीन लागलं. म्हनून मले अजून बी कागदावर जोडाक्षर दिसलं का भेव वाटते, कोनी दोघं भांडून राहिले असं वाटते.

तिची माही पहिली गाठ पडली ते सांगते. पहाटेची वेळ, म्या जातं मांडलं, यमीले मांडीवर घेतलं, दोन महिन्याची होती, अन् ओवी धरली. खुंटा एकटीच ओढत होती, कारन आत्याबाई, म्हंजे माही सासू, तवा अकोल्याले थोरल्या दिराकडं होती. दारात पांढरं काही उभं दिसलं. मले वाटलं भूत. पाहते तर मड्डम! केस मोकळे, पायात काही नाई, झोपायचा झगा, कडेवर थोरला. झोप मोडली म्हनून आली, आता हाकलते, यमीच्या बापाचं काम गेलं, एवढं सारं एका श्वासात मनात येऊन गेलं. म्या हात जोडले. "चुकलं बाईसाहेब, नाई म्हनत आता."

"बंद काहून?" ती म्हनली. काहून म्हनली! आमच्यावानी! नोकराइचं ऐकून ऐकून शिकली होती. "बंद नोको. मंग?"

म्या म्हनलं, "मंग काय?"

"मंग? पुढे?"

अन् बसली ना माय भुईवर! पिठात झगा. पोट्ट्याले बाजूले टेकवलं अन् खुंट्यावर माह्या हाताच्या वर हात ठेवला. माह्या हातावर हात ठेवून खुंटा धरनारी एक माही माय, अन् दुसरी ही. तिले ओढता येये ना, ती उलटं ओढे, मी सुलटं, जातं मधात कुरकुर करे. म्या ओवी म्हनली. संपली का ती म्हने, "मंग?" दुसरी म्हनली. "मंग?" उजाडलं, पीठ सारं भरडं झालं, त्याची भाकर यमीच्या बापानं दोन दिवस बोलनी देत खाल्ली, पन तिचं 'मंग' काही संपेना.

तवापासून रोज. आली नाई असा दिवस नाई. थोरला माह्या दुसऱ्या मांडीवर निजून जाये, एका मांडीवर माही काळी यमी, दुसऱ्या मांडीवर त्याचं ते पिवळं डोस्कं. बंगल्यात मऊ गादी, पंखा ओढाले मानूस, तथी झोप नाई, अन् जात्याच्या घरघरीत बरोबर झोप!

तिचे एकेक गुन पाहा. फाटकापाशी लेकराइले घेऊन उभी राहे अन् बंड्या ऐके. पाहे नाई, ऐके. डोळे बंद करे अन् बैलाच्या घुंगरमाळेवरून सांगे, हा अचलपूरकडचा, हा अंजनगावचा. मी हासे. पन तिनं अंजनगावचा म्हनलं का तो अंजनगावचाच निघे! एकदा एका गाडीवानाले थांबवून त्याच्या बैलाच्या गळ्यातली माळ मांगून घेतली, अन् बांधली कोठी, तर धाकटीच्या पाळन्याले. गाडीवान आपला उभा. "बाईसाहेब, माहा बैल आता मुका झाला ना वो!" दुसऱ्या दिवशी तिनं त्याले नवी माळ आनून देल्ली, त्याचा आवाज त्याले पसंत पडे ना, म्हनून तो तीनदा बदलाले आला, अन् तिनं तीनदा बदलून देल्ली, अन् दरवेळी दोघं मिळून माळ हालवून कानाशी धरून पाहत. मले सांगा, येडी कोन, का दोघं बी?

तिच्याकडं एक मोठा काळा बाजा होता, पेटारा म्हना, पांढऱ्या अन् काळ्या दाताइचा. विलायतेहून आनलेला. आमच्या उन्हानं त्याचं लाकूड फुगलं अन् वाळवीनं एक पाय खाल्ला, म्हनून त्याखाली इटा लावल्या होत्या. एक दिवस मले तिनं त्याच्यापाशी उभं केलं. "म्हन." म्या पदर तोंडात धरून एक ओळ म्हनली. तिनं बोटानं एक दात दाबला. मान हालवली. बाजूचा दाबला. परत मान हालवली. अशी किती वेळ. शेवटी दोन दाताइच्या मधातल्या फटीत बोट ठेवून म्हनली, "तुझं गानं अथी राहते. माझ्या बाज्याले तो दातच नाई." मले वाटलं, मड्डमचं फिरलं. पन रातभर ते मनातून जाये ना. आमचं गानं फटीत राहते. बरोबर हाय. आमी बी तथीच राहतो.

तिनं एक वही केली. पानावर पाच पाच रेघा अन् त्यांवर काळ्या मुंग्या, काही मुंग्यांले शेपट्या. मी अक्षर ओळखनारी, म्या लय पाहलं, एक बी ओळखीचं सापडे ना. इचारलं, "हे काय लिहून राहिल्या?" तर म्हने, "हा तुझा आवाज." मले हासू आलं अन् भेव बी वाटलं. आपला आवाज असा कागदावर धरून ठेवला अन् कोनी त्यावर पाय देल्ला, तर?

तिच्या मुलखातलं गानं तिनं एकदा यमीले म्हनून दाखवलं. यमी अशी किंचाळली का खानसामा धावत आला. मड्डम हासून हासून डोळे पुसे. म्या इचारलं, "तुमच्या तिकडं माया गात नाईत काय?" ती मोडकं मोडकं म्हनली, "गातात. पन गाते तवा सगळे बसून पाहतात, अन् मग टाळ्या. तुमी गाता तवा कोनी पाहत नाई." पुढं म्हनली, "मी मुलं घेऊन परक्या मुलखात आली. कोनी पाहत नाई असं मले एकच ठिकान हाय. हे जातं."

हे ऐकून बी येडी म्हनसान?

आता नावाचं सांगते, कारन सारं त्यावरच हाय.

ओवीत आमी आपल्या लेकराचं नाव गुंफतो. मड्डमनं ते हेरलं. यमीचं नाव आलं का ती बोट दाखवे, "यमी!" एक दिवस म्हनली, "आता याचं घे." थोरल्याचं. म्या नाई म्हनून मान हालवली. "घे ना. काहून नाई?"

आमच्यात तसं नसते. लेकराचं नाव घ्यावं ते त्याच्या मायनं, आजीनं, मावशीनं. परक्याचं लेकरू आपल्या जात्यावर घेतलं, तर आपल्या लेकराच्या वाट्याचं आयुष्य त्या पिठासंग तिकडं सरकते. आत्याबाईनं लग्नाच्या पहिल्याच महिन्यात मले सांगतलं होतं. तिचा एक पोरगा तीन वर्साचा होऊन गेला. तिनं शेजारनीच्या बाळाचं नाव घेतलं होतं, हौसेनं, एकदाच. मी एका लेकीची माय. म्या मड्डमले सारं सांगतलं, हातवारे करून, रडत रडत. मले वाटलं रागावन. ती म्हनली, "मी माय हाय याची. मंग मी घेईन?"

"तुमी घ्या. पन ओवी तुमालेच बांधा लागन."

चार महिने ती बांधून राहिली. फुलझाडाले पानी घालता घालता पुटपुटे, जेवता जेवता बोटं मोजे. जमे ना. एक ओळ लांब, एक आखूड. "उद्या," म्हने.

उद्या काही आला नाई. त्याच्या आधी ते जेवन आलं.

साहेबानं मोठ्या मोठ्या गोऱ्याइले जेवाले बोलावलं, त्याइच्या मड्डमा आल्या. जेवन झाल्यावर पिवळ्या झग्याच्या एका मड्डमनं थोरल्याले म्हनलं, गानं म्हन. विलायतचं म्हनन असं वाटलं असन तिले. पोट्टा खुर्चीवर उभा राहिला, हात मागं बांधले, अन् मोठ्यानं म्हनला,

"सासू माही सावरीचं झाड,
वर कापूस, बुडाले काटे,
नंदा माह्या पाखरं गं,
उडून जातीन येगळ्या वाटे!"

अन् वर म्हने, "मले भूक लागून राहिली!"

मी पडद्यामागं धाकटीले घेऊन उभी होती. एका म्हाताऱ्या साहेबाले आपली बोली येये, तो पोट धरून हासला अन् बाकीच्याइले अर्थ सांगतला. तेवढ्यानं नासलं. पिवळी मड्डम काय म्हनली ते खानसाम्यानं मंग आमाले चुलीपाशी मजेनं सांगतलं. "बोली के, ये बच्चा विलायत गया तो लोग समझेंगे के आया का बच्चा है."

आयाचं लेकरू! जसं काही शिवीच देल्ली. काहून वो? आयाच्या मांडीवर निजते तवा चालते, आयाच्या हातची खीर चालते, गू-मूत आयानं काढलेलं चालते, अन् आयाची ओवी तोंडात आली का बाटलं?

दुसऱ्या दिवशी दोन शिपाई आले अन् माहं जातं उचलाले लागले. साहेबाचा हुकूम. माहं जातं! माह्या बापाचं! म्या यमीच्या बापाकडं पाहलं, तो फुलाच्या वाफ्यात मान घालून. "चूप राह्य व," म्हने, "काम जाईन. अन् मंग खावं काय आपन, कापूस?" शिपायाइनं वरचा दगड एकानं घेतला, खालचा एकानं, अन् निघाले. तेवढ्यात मड्डम पायऱ्या उतरून आली, बिना चपलीची. "इधर!" असं वरडली का शिपाई थिजले. "इधर लाओ!" अन् जातं नेलं कोठी? दिवानखान्यात! त्या बाज्याच्या बाजूले, नक्षीच्या सतरंजीवर, दगडावर दगड बसवून मांडून ठेवलं. पीठ सांडलं सतरंजीभर. सांजेले साहेब आला तर मड्डम त्याच्यापाशी बसलेली, एक पाय पसरून, माह्यावानी.

बंद दाराआड दोघाइचं लय भांडन झालं. निकाल मले मड्डमनंच सांगतला. जातं माह्या खोलीत परत जाईन. पन गानं बंद. माह्या तोंडून, तिच्या तोंडून, पोट्ट्याच्या तोंडून. एकदा जरी ऐकू आलं, तर थोरल्याले विलायतेले धाडून द्यायचं, साहेबाच्या बहिनीकडं.

मंग आमी मुकं दळलं. ती येये, खुंटा धरे, ओठ हालवे, आवाज नाई. जात्याची घरघर एकटी. पोट्टा मांडीवर डोळे उघडे ठेवून पडे. "म्हन ना," म्हने. मी त्याच्या तोंडावर हात ठेवे. एवढ्याशा लेकराच्या तोंडावर हात!

उन्हाळा लागला अन् त्याले ताप आला. पाच दिवस उतरे ना. दाक्तरानं पुड्या देल्ल्या. भर दुपार, दाराइले वाळ्याच्या ताट्या, वर पानी मारून राहिले, तरी पोट्टा तव्यावानी. डोळे लाल. "म्हन ना, म्हन ना," एकच. झोप नाई तीन दिवसाची. मड्डमनं माहा हात धरला.

"म्हन. साहेब बाजारात हाय. याचं नाव घेऊन म्हन. एकदा."

मी मागं सरली. "नाई बाईसाहेब. माही एकच लेक हाय."

तिनं माह्याकडं पाहलं. मी तिच्या जागी असती तर एक थापड ठेवून देल्ली असती. तिनं मान हालवली. "समजली," म्हने. खरंच समजली होती, रागानं नाई. अन् मंग स्वतः गाली. माहीच एक जुनी ओवी, त्यात त्याचं नाव टाकून, सूर इकडं तिकडं, शब्द आडवे तिडवे. त्याच्या पाठीवर थापटत, म्हनून राहिली, म्हनून राहिली. पोट्ट्यानं डोळे मिटले. कपाळावर घाम आला. म्या हात लावून पाहला, ताप उतरून राहिला होता, हो! मी म्हननारच होती, बाईसाहेब, घाम आला, तर ताटीपाशी बूट वाजले.

साहेब लवकर आला होता.

त्यानं मड्डमले काही इचारलं नाई. मले इचारलं. "ये गाना किसने सिखाया? तूने?"

आता ऐका, मी काय म्हनली. माह्या तोंडानं काय म्हनली. "मी नाई साहेब," म्हनली. "मले गानं येतच नाई."

मड्डम तथीच बसलेली. तिनं ऐकलं. म्हनून मी साहेबावर चिडते, त्या पिवळीवर चिडते, सुभद्राबाईवर चिडते, पन सगळ्यात जास्त कोनावर चिडते ते माहं मले माहीत.

अन् ताप उतरला कशानं, हे कोनीच इचारलं नाई. पुडीनं उतरला म्हने. पुडीनं! पाच दिवस पुडी काय झोपली होती काय? गुन आला तो पुडीचा, अन् सजा झाली गान्याले.

पोट्ट्याले न्याले तीच पिवळी मड्डम निघाली. ती आपल्या मुलखात चालली होती. बडनेऱ्याच्या टेशनावर आमी गेलो. पोट्ट्याच्या पायात नवे बूट, चालता येये ना धड. आगगाडीत बसवलं. धाकटीले घेऊन मी मागं उभी, डोक्यावर पदर. मड्डम कोरडी ठक्क. तो खिडकीतून मले म्हने, "तू बी चाल ना. काहून नाई येऊन राहिली?" साहेब माह्या बाजूले उभा होता. म्या तोंड फिरवलं. गाडी हालली, तवा त्यानं मान बाहेर काढली अन् मायकडं पाहून वरडला, "मंग?"

एवढंच. तिचाच शब्द. गाडीच्या आवाजात तो पुढं काही म्हनला असन तर ऐकू आलं नाई.

त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबानं हुकूम मागं घेतला. आता गा म्हने, काय गायचं ते. बरोबर हाय ना! आता बिघडाले पोट्टंच राहलं नव्हतं.

मड्डम येतच राहिली. खुंटा धरे. म्या गाल्लं तरी 'मंग' म्हने नाई. असे किती दिवस. मंग एक दिवस उजाडता उजाडता, मी पीठ भरून राहिली होती, अन् तिनं हळूच म्हनलं. चार महिने जे जमे ना ते, पोट्ट्याची ओवी. एक शब्द तिनं जरा मागं ठेवला होता, तो म्या पुढं नेला. बाकी सारं तिचं.

साल फिरलं, तिकडची लढाई मिटली म्हने, कापूस पडला. जेवढे साहेब आले होते तेवढे झाडाले हालवल्यावानी गळून गेले. आमचा बी साहेब निघाला. बंगल्यातल्या साऱ्या सामानाचा लिलाव झाला, तो इटांवरचा बाजा बी. मड्डमले माहं जातं न्यायचं होतं. जहाजात! साहेबानं एकदाच तिच्याकडं पाहलं, तेवढ्यानं ते मिटलं. मंग ती माह्या खोलीत आली अन् खुंट्यावर हात ठेवून उभी राहिली. मांगलं काही नाई.

म्या वरवंटा घेतला अन् खुंटा खालून ठोकून ठोकून काढला. तेलकट, हातानं गुळगुळीत झालेला, वीतभर लाकूड. तिच्या हातात देल्ला. तिनं तो धाकटीच्या दुपट्यात गुंडाळला. दोघी बी रडलो नाई. दोघीइले बी घाई होती.

यमीच्या बापानं जात्याकडं पाहलं अन् कपाळावर हात मारला. "जात्याचा दात उपटून देल्ला काय व तिले!" त्यानं बाभळीचा नवा ठोकला. तो अजून बी हाताले टोचते.

आता आमी अकोल्याले. मोर्नेच्या काठी भाजीची वाडी करतो. आत्याबाई आमच्यातच राहतात. पहाटे दळाले बसलो का खुंट्यावर एक हात माहा, एक त्याइचा. मी मड्डमची ओवी म्हने, पन त्यातलं नाव गाळून. तथी 'राघू' म्हने. राघू कोनाचा बी असते. आत्याबाईले आवडे. "कोनाची व ही ओवी? चांगली हाय." "माहेरची," मी म्हने. अजून एक खोटं.

परवाची गोष्ट. यमी आता चार वर्साची, मांडीवर बसून ऐकून राहिली होती. ओवी संपली. यमीनं मान वर केली. "मंग?"

तिले कोनी शिकवलं नाई हो. लेकरू हाय, लेकरं म्हनतात. पन माह्या हातातला खुंटा तसाच राहिला. मले ते टेशन दिसलं. अन् मंग माह्या तोंडानं ओवी परत म्हनली, मड्डमनं बांधली तशी, नावासकट.

आत्याबाईचा हात थांबला. "कोनाचं नाव घेतलं?"

"मड्डमच्या पोट्ट्याचं."

"यमी मांडीवर असताना?"

"हो."

त्याइनं खुंट्यावरचा हात काढला. यमीले माह्या मांडीवरून उचललं, छातीशी धरलं अन् बाहेर गेल्या. बाहेर जाऊन ओट्यावर रडत बसल्या. त्याइच्यावर मी नाई चिडत. त्या कोनासाठी रडून राहिल्या होत्या, मले माहीत हाय. पन त्याइनं सुभद्राबाईले सांगतलं, सुभद्राबाईनं गल्लीले, अन् काल विहिरीवर ते झालं.

भेव नाई वाटत असं समजू नोका. परवापासून दिवसातून धा वेळा मी यमीच्या कपाळाले हात लावून पाहते. थंड हाय. खेळून राहिली हाय. रात्री तिचा श्वास ऐकत पडते. पन मी इचारते, ज्या लेकराचं नाव एक बी बाई घेत नाई, त्याच्या आयुष्याचं काय? त्याले कोनी वाटा द्यायचा का नाई? तथी त्याची आत्या ओवी म्हनत असन काय? आता त्याची माय त्याच्यापाशी पोचली असन, का नसन, मले कोन सांगन?

आज पहाटे जातं मांडलं. आत्याबाई आल्या नाई. ओट्यावर पाठ करून बसल्या. यमी आपली आपन येऊन मांडीवर बसली अन् डुलक्या घेऊ लागली, म्हनून डाव्या हातानं तिले धरलं अन् उजव्या हातानं खुंटा. अन् आत्याबाईले ऐकू जाईन, सुभद्राबाईले ऐकू जाईन, अशी मड्डमची ओवी मोठ्यानं म्हनली,

"समुद्राच्या वाटं गं
विली गेला दूर देशी,
एका हातानं खुंटा
माय ओढू सांग कशी?"

विली. घेतलं नाव. तुमच्या बी समोर घेतलं.

जड जाते, मड्डम. पन फिरते.